मामाचं खरं वजन

माझी मावशी एका डायलिसिस सेंटरमधले कॉम्प्युटर सांभाळते. तिथे सगळे तिला ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. एकटा माझा मामा, तिचा थोरला भाऊ, तिला "ए बारके" म्हणतो, आणि तेही हॉलभर ऐकू जाईल असं. मामाने जन्मभर शिंपीकाम केलं. किडन्या गेल्यापासून तो दिवसाआड तिथे येतो, मशीनला जोडलेला पडून राहतो आणि सिस्टरना त्यांच्या ॲप्रनची शिवण कुठे चुकलीय ते ऐकवतो.

मावशी घाबरट नाही. घरातली पाल ती हाताने हाकलते. पण त्या सकाळचं सांगताना अजूनही तिचा आवाज बसतो.

सकाळच्या पाळीत एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, मशीनवर असतानाच बेशुद्ध झाल्या. डॉक्टरांनी पाय उंच करून, सलाइन सोडून त्यांना परत आणलं. मग सिस्टरचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. प्रत्येक पेशंटचं एक ड्राय वेट असतं, म्हणजे अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन. किती पाणी ओढायचं हे मशीनला त्यावरूनच सांगतात. बाईंचं होतं सत्तेचाळीस. स्क्रीनवरच्या यादीत होतं त्रेचाळीस. सिस्टरनी कॉम्प्युटरमधलीच बाईंची फाइल उघडली, तर तिथे सत्तेचाळीस. यादीत परत पाहिलं, त्रेचाळीस.

मावशी धावत सर्व्हरच्या खोलीत गेली. खोली कसली, फडताळच ते. आतून आवाज येत होता, टक्, थोडं थांबून पुन्हा टक्, नखाने कुणी पत्रा वाजवावा तसा. डिस्क मरायला टेकली होती, आणि मरता मरता भलतेसलते आकडे पुढे करत होती. सर्व्हर बंद पडला असता तर परवडलं असतं, मावशी म्हणते. हा चालू होता आणि हसतमुखाने खोटं बोलत होता.

मॅनेजर मागे येऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं, रिपेअरची कमांड द्या, पाच मिनिटांचं काम, बाहेर दुसरी पाळी खोळंबलीय. मावशीने सांगितलं की रिपेअर याच डिस्कवर लिहिणार, म्हणजे कुजलेल्या फळीवर खिळे ठोकणं. उरलंसुरलंही जाईल. तो म्हणाला, ताई, जबाबदारी तुमची. मावशी म्हणाली, आहेच. आणि तिने डेटाबेस बंद केला. हॉलमधले सगळे स्क्रीन एकदम रिकामे झाले. सकाळच्या पाळीतल्या सगळ्यांना मशीनवरून उतरवलं.

आता आधार फक्त बॅकअपचा. रोजचा बॅकअप होता, पण तो कसला, नासलेलं दूध इमानदारीने दुसऱ्या पातेल्यात ओतलेलं. ती एकेक मागे जात गेली. डिस्कने पहिली तक्रार नोंदवली त्याच्याही आधीचा एक बॅकअप तिने उघडला. पण डिस्क तक्रार करायच्या कितीतरी आधी आतून बिघडायला लागलेली असते. हा बॅकअप धड आहे, हे सांगणार कोण?

दुसऱ्या पाळीचे पेशंट बाहेर बाकावर बसले होते. एका आजोबांना बसल्या जागी धाप लागली होती. जवळच्या दुसऱ्या सेंटरने जागा नाही म्हणून फोन ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, ताई, वजनाचा एक वेळ मी अंदाज करीन, पण रक्त पातळ करायच्या औषधाचे डोस कसे आठवू? ते प्रत्येकाचे वेगळे, आणि कागदावर काहीच नाही.

मावशी लॅपटॉप घेऊन बाकाशी गेली. स्क्रीन न दाखवता एकेकाला ड्राय वेट विचारलं. ते प्रत्येकाला पाठ असतं. आजोबांचं जुळलं. त्यांच्या शेजारचीचं जुळलं. सगळ्यांचं जुळत गेलं.

शेवटी मामा, तोही दुसऱ्याच पाळीतला.

"बासष्ट," मामा म्हणाला.

बॅकअपमध्ये साठ होतं.

एक आकडा खोटा, तर बाकीचे जुळले ते नशिबाने. आणि औषधांचे डोस कुणालाच पाठ नव्हते. तिने पुन्हा विचारलं. मामा चिडला, की शिंप्याला माप विचारतेस वर आणि दोनदा विचारतेस? बासष्ट म्हणजे बासष्ट.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दादा, ऐक. तू खरं बोलत असशील, तर हा बॅकअप कुजलाय. मग मी कुणालाच मशीनवर घेऊ देणार नाही. ते आजोबासुद्धा असेच बसून राहतील."

मामाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते.

"आणि खोटं बोलत असेन तर?"

"तर सगळ्यांना लावता येईल."

त्याने आपल्या अंगठ्याचं नख खरवडलं. मग एवढ्या हळू बोलला की तिला कान पुढे करावा लागला.

"साठच. पाणी जास्त काढलं की पोटऱ्यांत गोळे येतात गं. मागच्या खेपेला रडलो मी. सगळ्यांदेखत. म्हटलं आज कॉम्प्युटर बंद आहे, कोण बघतंय, दोन किलो वाढवून सांगावं."

मावशीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला नवीनच भीती वाटली.

"मला बरं वाटावं म्हणून तर म्हणत नाहीस ना? दादा, माझ्याकडे बघ."

"रडलो हे तुला बरं वाटावं म्हणून सांगेन का, बारके?"

बॅकअप बाजूच्या चांगल्या कॉम्प्युटरवर चढवला. डॉक्टरांनी आकडे पाहिले, आजोबांना आधी घ्या म्हणाले. मामा उठला. म्हणाला, ते आकडे आधी माझ्यावर चालवा, फार नाही, थोडा वेळ. चुकलंच तर घरातल्या घरात राहील. डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

मामाला साठवर लावलं, औषध बॅकअपमधल्या डोसाप्रमाणे दिलं. मावशी बेडच्या पायाशी उभी राहिली. दंडावरचा पट्टा फुगला, सुटला. प्रेशर जरा उतरलं होतं. पुन्हा फुगला. तिथेच होतं. मग मामाच्या पोटरीत गोळा आला आणि त्याने उशीचं टोक दातात धरलं. मावशीने दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला आणि पायाचा अंगठा वर दाबून ठेवला.

पट्टा तिसऱ्यांदा फुगला. प्रेशर अजून तिथेच होतं. सिस्टरनी आकडा वाचला, डॉक्टरांना दाखवला आणि आजोबांना बाकावरून आत आणायला गेल्या.