मिनिट्समधला राग

जूनमधला दुसरा शनिवार, सकाळी अकरा. दादरच्या आमच्या शाळेचं ट्रस्ट ऑफिस. हजर: अध्यक्ष, खजिनदार, मुख्याध्यापिका, दोन विश्वस्त. आणि मी, कार्यालय अधीक्षक. मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिणाऱ्याला हजेरीत धरायची आमच्याकडे पद्धत नाही. इथे मी स्वतःला धरलं आहे.

शिक्षण खात्याला जायचं पत्र गेलं नव्हतं. का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी सांगितलं, पत्र सहीसाठी दहा दिवस तुमच्याच टेबलावर आहे. एवढंच. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता.

त्यांनी फाईल माझ्या अंगावर भिरकावली. काही कागद मांडीवर पडले, बाकीचे जमिनीवर. म्हणाले, "चार इंग्रजी शब्द आले म्हणून आमच्या बरोबरीनं बोलायचं नाही. तो डिलाईल रोडचा आवाज चाळीत ठेवून यायचा."

मी वाकून कागद गोळा केले. तारखेप्रमाणे लावले. मुख्याध्यापिका चहा ढवळत राहिल्या. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीतले; वडील गिरणीत होते. ते सांगायचे, आपल्याला राग परवडत नाही, पोरी. आपण आवाज चढवला की लोक म्हणणं विसरतात आणि जात काढतात. ते मी इतकं पाळलं होतं की कानशिलं तापली तरी हात कागद लावत होते.

दुपारी खजिनदार इंग्रजी मिनिट्सचा मजकूर सांगायला बसले. अध्यक्षांबद्दल एक वाक्य: नाराजी व्यक्त केली. माझ्याबद्दल एक: अधीक्षक 'लॅश्ड आउट'. म्हणजे चवताळून अंगावर गेल्या.

"टाइप करा," ते म्हणाले. "एक प्रत तुमच्या सर्व्हिस फाईलला लावा."

स्वतःविरुद्धचं वाक्य स्वतःच टाइप करायचं.

तो शब्द मला चांगला माहीत होता. त्याची सगळी भावंडंही. शाळेत असताना मी डिक्शनरीतून समानार्थी शब्द वहीत उतरवायची. रागाचं अख्खं पान होतं. स्नॅप, म्हणजे ताडकन तोडून बोलणं. फ्लेअर अप, भडकणं. ब्लो अप, स्फोट व्हावा तसं फुटणं. चाळीत कोणी इतक्या तऱ्हांनी रागावत नव्हतं. रागावले की शिव्या देत आणि संध्याकाळी एकत्र जेवत.

बावीस वर्षं या ऑफिसात माझी किंमत त्या वहीमुळे होती. अध्यक्षांनी मूठ आपटली की मी लिहायची, ठाम मत मांडलं. पालकाला हाकललं की लिहायची, परिस्थिती स्पष्ट केली. बाईंना शब्द छान सुचतात, म्हणायचे सगळे. मला बरं वाटायचं. रागाच्या पानावरचे शब्द मग शिपायांना लागायचे. बसच्या ड्रायव्हरला. पुष्पाताईंना.

पुष्पाताई शाळेत झाडलोट करायच्या. तीन वर्षांपूर्वी एका विश्वस्तांनी मुलांसमोर, माझ्याही समोर, त्यांची बादली बुटानं ढकलली आणि म्हणाले, ए, उचल. त्या म्हणाल्या, साहेब, माणसाशी बोलल्यासारखं बोला. बास. चौकशीच्या इंग्रजी कागदावर 'उद्धट बोलल्या' असं लिहायला खजिनदारांनी सांगितलं. मला ते फिकं वाटलं. मीच सुचवलं, 'फ्ल्यू इंटू अ रेज'. संतापानं बेभान झाल्या. शब्द चपखल बसला म्हणून मी खूश होते. पुष्पाताईंनी न वाचता सही केली, कारण कागद मी पुढे केला होता. आठवड्यात त्यांना काढलं.

मी कीबोर्डवरून हात काढले.

"हे मी टाइप करणार नाही. मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिहीन. साहेब बोलले तेही. फाईल कुठून कुठे गेली तेही."

खजिनदार हसले. "बघा, आता परत भडकताय."

"हो, भडकले आहे. खुशाल लिहा. पण कशामुळे, तेही लिहा."

मी दोन पानी मिनिट्स केली. कोणी सही केली नाही. सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस आली. मंगळवारी मी उत्तर दिलं.

त्यानंतरच्या रविवारी अँटॉप हिलला गेले. पुष्पाताई आता दोन घरची भांडी करतात. त्या कागदात काय होतं ते मी त्यांना मराठीत सांगितलं. शब्द कोणी सुचवला, तेही.

"मी ओरडलेसुद्धा नव्हते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तिथंच होतात, बाई."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. चहालाही विचारलं नाही. बरोबरच केलं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या.

"तोंडी नको. लिहून आणा. मराठीत, मला वाचता येईल असं. मग कुठं द्यायचं ते मी ठरवीन."

ते निवेदन लिहायला घेतलं आहे. तारीख झाली, कोण हजर होतं ते झालं. विश्वस्त काय म्हणाले, पुष्पाताई काय म्हणाल्या, तेही लिहून झालं. एक वाक्य राहिलं आहे. 'लिहिण्यात आलं' असं दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. माझी सही असलेलं हे निवेदन बाहेर गेलं की माझी नोकरी राहणार नाही, हे मला माहीत आहे. तरी ते जाणार आहे. तो शब्द मी निवडला, मी लिहिला, आणि तो खोटा होता: एवढं लिहायचं बाकी आहे.