कुंभकर्णाची मोटर

भोईवाड्यातल्या चाळीच्या चौकात, पाण्याच्या टाकीला खेटून, संघमित्रा तांबेची लाल गाडी उभी असते. दोन दारांची, बसकी, जपानी. बॉनेटमध्ये मिटलेले दिवे बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. संघमित्रा परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढते. तिथले एक डॉक्टर परदेशी जाताना ही गाडी भंगारात द्यायला निघाले होते. "सर, अजून जीव आहे तिच्यात," म्हणत हिने ती टेम्पोला बांधून घरी आणली. त्याला आता चार वर्षं झाली.

तेव्हापासून रविवारी संघमित्राच्या फक्त चपला दिसतात, बाकीची ती गाडीखाली असते. तिची आई मालन जेवायला हाक मारते ती त्या चपलांनाच. शेजारच्या गंगुबाई तापलेल्या बॉनेटवर मसाल्याच्या मिरच्या पसरतात आणि म्हणतात, "चलना काय नाय, पण मिरशांगो बरे सुकतत हिच्यार." संघमित्राने गाडीचा केसपेपर ठेवला आहे. त्यात नोंद करते: 'रेडिएटरला गळती. डाग दिला. पेशंट स्थिर.'

मदतीला लहानपणापासूनचे दोघे. ओवी बँकेत आहे. ती मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढची पायरी मोठ्याने सांगते आणि ग्रीसला हात लावत नाही. स्वप्नील लालबागच्या मंडळांचे हलते देखावे करतो. मोटर बसवली की जगातलं काहीही हलतं, अशी त्याची श्रद्धा.

यंदा गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. चाळ कमिटीचे नाना टाकीपाशी येऊन म्हणाले, "संघू, या महिन्यात आरटीओत पास करून आण. नापास झाली तर सरळ भंगारवाला. चौक म्हणजे काय म्युझियम आहे?"

तिघांनी ब्रेक बदलले, क्लच बसवला, सायलेन्सरची भोकं बुजवली. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी दिव्यांची मोटर जळाली. जपानहून यायला तीन महिने. स्वप्नील तासाभरात गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"कुठली रे ही?"

"कुंभकर्णाची. आपल्या देखाव्यात डोळे उघडायचा ना, त्याची."

"गाडीला चालेल?"

"अगं, अकरा दिवस न थांबता चाललीय. लोक पाया पडायचे."

"कुंभकर्णाच्या?" ओवीने विचारलं.

"गर्दीत कळतं का कोणाला!"

मोटर बसली. बटण दाबल्यावर दिवे दिमाखात वर आले. तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि बॅटरी उतरू नये म्हणून लगेच बंद केलं. दहा सेकंद थांबायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी ब्रेक पाहिले, हॉर्न ऐकला, इंडिकेटर पाहिले. सगळं ठीक. "दिवे लावा." दिवे हळूहळू वर आले. ते वाकून काच बघू लागले, तर दिवे तितक्याच हळू मिटले. ते ताठ उभे राहिले, दिवे उघडले. पुन्हा वाकले, पुन्हा मिटले.

"ताई, ही माझी थट्टा करतेय का?"

"नाही साहेब, मोटरची जुनी सवय आहे."

"कुंभकर्णाची आहे साहेब," स्वप्नील अभिमानाने म्हणाला. "दहा सेकंद जागा, दहा सेकंद झोप."

इन्स्पेक्टरांचं पेन फॉर्मवरच्या 'नापास' या शब्दापाशी जाऊन थांबलं. संघमित्राला भंगारवाल्याचा हातोडा दिसला. विनवणी तिला कधी जमली नव्हती. "पाच मिनिटं द्या," एवढंच म्हणून तिने बॉनेट उघडलं. मोटरची वायर उपटली, दिव्यांचे दोन्ही दांडे हाताने वर ढकलले, नट आवळले. तिच्या हाताला न पाहताही सगळ्या जागा ठाऊक होत्या. इन्स्पेक्टर तिच्या हातांकडेच बघत होते.

"आता झोपणार नाही ना?"

"नाही साहेब. जागीच राहील."

त्यांनी दिवे हलवून पाहिले, खाली बसून उंची मोजली, पुन्हा एकदा वाकून खात्री करून घेतली आणि सही केली.

"मारलंस कुंभकर्णाला," स्वप्नील मागच्या सीटवर अंग दुमडत पुटपुटला.

"पाच वर्षं!" ओवी कागद नाचवत होती. "पाच वर्षं कोणी हात लावू शकत नाही हिला. चल, कुठे जायचं?"

संघमित्रा फाटकाशी थांबली. चार वर्षांत गाडी चालेल का, एवढंच तिघांनी विचारलं होतं. चालली तर कुठे न्यायची, हे कोणी बोललंच नव्हतं. मागून हॉर्न वाजू लागले.

"अगं, वळ कुठेतरी!"

तिने डावा इंडिकेटर दिला. वायपर सुरू झाला. खडखडीत ऊन होतं आणि वायपर मनापासून काच पुसत होता.

"आता तर नीट होता हा," ओवी कुजबुजली. आरशात इन्स्पेक्टर मान वळवत होते.

संघमित्राने गिअर टाकला. आठवडाभरात पहिल्यांदाच ती हसत होती. "रविवारी दोघं लवकर या," ती म्हणाली, आणि हात बाहेर काढून डावीकडे वळली.