डोमकावळ्याची शाल

अलास्कातल्या सिटका गावात १९८४ साली शरयू सानेइतकं निवांत माणूस दुसरं नसेल. नवरा डॉक्टर, दिवसभर दवाखान्यात. बाहेर धुकं, घरात सुईदोरा. तिची एकच खोड होती. पोटात कावळे कोकलत असले तरी पहिल्या आग्रहाला ती कधी हो म्हणायची नाही.

शेजारची एग्नेस तिथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांपैकी. त्यांच्यात माणसं दोन बाजूंची, डोमकावळ्याकडची नाहीतर गरुडाकडची. एग्नेस डोमकावळ्याकडची. भाऊ जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि दुखवटा सोडायच्या मेजवानीत तिला कुळाच्या कावळ्याची शाल पांघरून नाचायचं होतं. पण रीत अशी, की आपल्या कावळ्याला आपण टाका घालायचा नाही, तो समोरच्या बाजूने घालायचा. आणि गरुडाकडच्या नणंदेचे, मार्थाचे, डोळे अधू झालेले.

मार्थानेच तोड काढली. कुळातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आली आणि शरयूचा हात धरून म्हणाली, "आजपासून तू माझी बहीण." झालं, कोकणातली शरयू गरुडाकडची झाली.

निळ्या लोकरी कापडावर लाल कावळा, कडेने शिंपल्याची बटणं. टाके घालता घालता शरयूचं मन तरंगत जाई. धुक्यातल्या उजेडात बटणं चमकत, पंख हलल्यासारखे वाटत आणि कधीतरी नदीचा घाट दिसे. वडिलांच्या, अण्णांच्या, दहाव्याला ती पोचू शकली नव्हती. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी भाऊ म्हणाला, "अण्णा, शरयू येऊन जाईल," तेव्हा कुठे शिवला. फोनवर ऐकलेलं ते अजून सलत होतं.

मेजवानीत एग्नेस नाचली. म्होरक्याच्या लाकडी शिरपेचातून गरुडाची मऊ पिसं उडाली आणि सगळ्यांच्या अंगावर अलगद उतरली. शालीवरचा कावळा झुकला, वळला. आपण याला शिवलंच नाही, हा कापडात आधीपासून होता, असं शरयूला वाटून गेलं.

मग एग्नेसने तिच्यापुढे जांभळ्या बेरींचा वाडगा धरला.

"नको, नको," शरयू सवयीने हसली आणि आग्रहाची वाट बघू लागली.

आग्रह झालाच नाही. एग्नेसचा हात तिथेच थांबला, चेहरा उतरला.

मार्था कानाशी वाकली. "तिच्या भावाच्या आवडीच्या आहेत. आपण खातो ते त्याला पोचतं. तू नको म्हणालीस तर तो उपाशी राहील."

शरयूला घाट आठवला, हात जोडून ताटकळलेली माणसं आठवली. आज ताटकळत ठेवणारी तीच होती. तिला रडू आलं. दोन्ही हातांनी वाडगा घेऊन तिने तो शेवटच्या बेरीपर्यंत संपवला आणि एग्नेसपुढे धरला.

"अजून वाढ," ती म्हणाली.