मराठी वर्गाची वकिली

"मास्तर होणार म्हणे. स्वतःची चार पोरं सांभाळताना माणूस टेकीला येतो, अन् हा गावभरची पोरं अंगावर घ्यायला निघालाय. विचारा याला, भांग खाल्ली का म्हणून."

तापीकाठच्या आमच्या गावी, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या सुताच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून वडील ओरडत होते. ऐकायला सगळा बाजार होता. वडिलांचा आवाज असा, की ते दुकानात शिंकले तर कोसांवरच्या इच्छापुरात देवीच्या दारातले नारळवाले दचकून टोपल्या सावरायचे. त्या दिवशी तर ते पोटातून ओरडत होते. समोरच्या हलवायाने कढईत जिलबी सोडता सोडता हात थांबवला, आणि त्या घाण्याची जिलबी गोल न होता सरळ काठीसारखी झाली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा गुन्हा एवढाच की मॅट्रिक झाल्यावर गल्ल्यावर बसायचं सोडून मी सरकारी शाळेत मराठी वर्गावर मास्तरकी धरली होती. मला शिकवायची आवड आहे, असं मी वडिलांना सांगितलं. ते खरंही होतं, पण पाऊणच. उरलेल्या पावात खुर्ची होती, डोक्यावर सावली होती आणि उन्हाळ्याची सुट्टी होती.

खुर्ची तीन पायांची निघाली. सावलीचं म्हणाल तर छपरातून ऊन असं पडायचं की मुलं त्याच्या कवडशांवर बेरजा शिकली. तापीला पूर आला की ती आधी आमच्या शाळेत यायची, मग घाटावर जायची. एका लांबलचक खोलीत चार वर्ग बसत. पहिलीचे पाढे, दुसरीची कविता, तिसरीच्या नद्या आणि चौथीचे राजे एकाच वेळी चालू असत, त्यामुळे माझ्या वर्गातली मुलं शपथेवर सांगायची की नर्मदा पाच सात्ती पस्तीसला उगम पावते. एक म्हैस दाराशी इतकी नेमाने येऊन बसे की वर्षाअखेर तिला पुढच्या वर्गात चढवा म्हणून मुलं माझ्या मागे लागली. तिची हजेरी पाहता मला नाही म्हणणं जड गेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरकारला मास्तरांची आठवण यायची. विहिरी मोजा, गुरं मोजा, देवी टोचणाऱ्या डॉक्टरांबरोबर फिरून पळालेली माणसं धरून आणा. सरकारचं सरलं की हेडमास्तरांच्या बायकोचे पापड शाळेच्या अंगणात वाळायचे, आणि कावळे हाकायला शिकलासवरलेला माणूस लागायचा. गुरुजी म्हणून पाया पडायला गाव तयार असे. मुलगी द्यायची वेळ आली की हेच गाव आधी कारकून शोधायचं.

तरी मी टिकलो, कारण वर्ग गोड होता. लोधीपुऱ्यातली, तापीकाठच्या केळीच्या बागांमधली, कापूसवाल्यांची पोरं. "मास्तर, तुमाले सांगू का," अशी सुरुवात करून ती घरातलं सगळं बाहेर आणायची. घरी ती जी भाषा बोलत, तिला पुण्याच्या माणसाने मराठी म्हटलं नसतं, पण पुस्तकातली मराठी वाचताना त्यांचे डोळे असे चमकायचे की जणू लांबच्या श्रीमंत मावशीचं घर पाहायला मिळालंय. त्या डोळ्यांच्या भरवशावर मी माझं पुढचं सगळं वाटोळं करून घेतलं.

मग नकाशा बदलला. नागपूर आमची राजधानी होती, ती भोपाळ झाली. वऱ्हाड तिकडे मराठी मुलखाला जोडलं गेलं, आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो. सरकारी नोकरांना विचारणं झालं, इकडे राहता की तिकडे जाता. आमचे गणिताचे गुरुजी मलकापूरकडे निघाले. ट्रंक बांधता बांधता मला म्हणाले, "चला हो. इथं आता तुमची भाषा पाहुणी आहे. आज ताट वाढतील, उद्या विचारतील गाडी कधीची आहे."

मी म्हणालो, "वर्ग कोणाच्या हवाली करू?"

"तुमचा वर्ग तुम्हाला विचारून जन्मला होता का?" असं म्हणून त्यांनी ट्रंकेवर बसून कुलूप लावलं.

मी राहिलो. वडिलांनी त्याही दिवशी ओरडून घेतलं, पण आता वय झालं होतं. आवाज फार तर गावातल्याच शनवाऱ्यापर्यंत गेला असेल.

पुढल्याच उन्हाळ्यात फर्मान आलं. मराठी वर्गाला मुलं थोडी आहेत, तो हिंदी वर्गात मिसळावा. मात्र पालकांना मराठीच हवी असेल तर त्यांनी शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर स्वतः येऊन तसं बोलावं. साहेब ऐकतील आणि ठरवतील. वर्ग राहायचा की जायचा, ते त्या एका सकाळी ठरणार होतं.

मी उन्हात दारोदार फिरलो. माझ्या चपलांनी माझ्याआधी राम म्हटला. सगळे यायला तयार झाले, आणि सगळ्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले आबा. आबा म्हणजे तापीकाठचे मोठे केळीवाले. त्यांची नात माझ्या वर्गात होती आणि तिचं वाचन ऐकायला ते बैलगाडी शाळेबाहेर थांबवून बसायचे. त्यांचं पागोटं एवढं मोठं की उकललं असतं तर आमच्या दुकानाला वर्षभर सूत पुरलं असतं.

"मास्तर, तुम्ही काही फिकीर नका करू," आबा म्हणाले. "सायबाले मी पाहून घेतो. पोरगी मराठीच शिकीन. तिच्या आजीले पत्र वाचून कोण दाखवीन मग?"

ती सकाळ आली. सतरंजी नीट घाला म्हणून हेडमास्तर पहाटेपासून ओरडत होते. साहेब जबलपूरकडचे, मऊ बोलणारे, चष्मा पुसत ऐकणारे. राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. त्यांनी माव्याची जिलबी खाल्ली, बोटं रुमालाला पुसली आणि विचारलं, "कहिए, आप लोग क्या चाहते हैं?"

आमच्या गावात साहेब दिसला की जीभ आपोआप हिंदी होते. पोलीस, तहसीलदार, स्टेशनमास्तर, सगळ्यांशी हिंदी. त्यात लाचारी नाही, ती इथली रीत आहे, जशी देवळात शिरताना चप्पल काढतात. माझ्या डोक्यात दहा गोष्टींची भीती होती. ही नव्हती.

आबा उठले. पागोटं सारखं केलं आणि सुरू झाले. "हुजूर, हमारी मातृभाषा मराठी है। हमारे बच्चों को हिंदी ठीक से समझ में नहीं आती। घर में सब मराठी, खेत में मराठी, तो हुजूर, वो हिंदी में पढ़ेंगे कैसे?"

अस्खलित. तहसील कचेरीत बागाईतीचे तंटे लढवून लढवून कमावलेली हिंदी. मी खाली बसून त्यांच्या धोतराचा सोगा ओढत होतो. त्यांना वाटलं मी खूश होऊन जोर देतोय. त्यांनी आणखी जोरात सांगितलं.

त्यांच्यामागून कापूसवाले उठले, मग मागाच्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या एक विधवा बाई. प्रत्येकाने साहेबांना सुरेख हिंदीत पटवून दिलं की आम्हाला हिंदी येत नाही. बाईंनी तर शेवटी डोळ्याला पदर लावला आणि त्यांची हिंदी सगळ्यांत सरस झाली.

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मास्टरजी, ये लोग तो मुझसे अच्छी हिंदी बोलते हैं।"

मी उठलो. ही साहेबांपुढची रीत आहे, मुलांचं असं नाही, मुलं घरी जे बोलतात त्यातच त्यांना शिकू द्या, हे सगळं मी त्यांना तळमळून समजावलं. हिंदीत.

शाळा उघडली तेव्हा मराठी वर्गाचा फळा हिंदी वर्गाच्या भिंतीला लागलेला होता. माझ्याकडे भूगोल आला. त्याच नद्या, त्याच मुलांना, दुसऱ्या भाषेत. मुलांचं काही अडलं नाही. महिन्याभरात ती माझ्या हिंदीतल्या चुका काढून आपसांत हसू लागली. आबांची नातही त्यात होती. वाचायची अजून छान, पण तो डोळ्यांतला प्रकार पुन्हा दिसला नाही. कदाचित माझ्याच डोळ्यांचं काही बिघडलं असेल. पुढे मी निवृत्त होईपर्यंत भूगोलच शिकवला, आणि निरोपाच्या समारंभात पाहुण्यांनी आदर्श शिक्षक म्हणून नाव माझं पुकारलं, शाल मात्र माझ्या शेजारच्याच्या खांद्यावर घातली.

वर्ग मोडला त्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा आबा बागेत भेटले. केळीची वाळलेली पानं कापत होते. मी विळा त्यांच्या हातातून घेतला, चार पानं कापली, आणि शेवटी विचारलंच. "आबा, मराठीसाठी बोलायला आलात, मग मराठीत का नाही बोललात?"

आबांनी विळा परत घेतला आणि पुढच्या पानाला लावला.

"सायबाले मराठी येत नव्हती, मास्तर."