हँडलवरून उठणारा हात

अणदूरजवळ हायवेला एक उजवं वळण आहे. तिथं माझं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, बाकडी आन गॅसची शेगडी. पण पाटीवर हॉटेल लिहिलंय, तेव्हा हॉटेलच म्हणायचं. शेडला लागून म्हसोबा. मागं एक ट्रक इथं उलटला, तवा ड्रायव्हर लोकांनीच कडेचा एक दगड उभा करून त्याला शेंदूर फासला. पुन्हा असं होऊ नये म्हणून.

व्हायचं ते होतच राहिलं. लोक म्हणायला लागले, म्हसोबाचं पोट भरंना झालंय. मग नारळ वाढले, कोंबडी वाढली, चौथरा आला, चौथऱ्यावर घुमटी आली. मीही दर अमावस्येला निवद ठेवायची. खोटं कशाला बोलू, मला त्या दगडाचं लई भ्या वाटायचं.

एका दुपारी ऊन रणरणत होतं, गिऱ्हाईक न्हाय, म्हणून मी बाकड्यावर बसून येणाऱ्या गाड्या बघत होते. एक मोटारसायकलवाला वळणावर आला. त्याची मान डावीकडं वळली, डोळे मिटले, उजवा हात हँडल सोडून छातीला गेला, मग कपाळाला. त्याच्यामागं टेम्पो आला, त्यानंही तेच केलं. जीपवाल्यानं तेच. रस्ता उजवीकडं वळतोय आन सगळ्यांच्या माना डावीकडं. कुणी कुणाचं बघून करत नव्हतं, तरी त्या एकाच जागी प्रत्येकाचा हात सुटत होता. समोर दुभाजकात फट, तिथून ट्रॅक्टर आडवे निघतात, तिकडं कुणाचंच ध्यान न्हाय. भर उन्हात मला थंडी वाजली.

आन माझी लेक रोज याच रस्त्यानं स्कुटीवर नळदुर्गला जाते. मेडिकल दुकानात कामाला आहे. त्याच संध्याकाळी मी मुद्दाम तिची वाट बघत उभी राहिले. आली. वळणावर तिचाही हात उठला. शिव शिव! नेमका तवाच फटीतून उसाचा ट्रॅक्टर बाहेर आला. तिनं कचकन ब्रेक दाबला, स्कुटी घसरत जाऊन ट्रॉलीच्या चाकापाशी थांबली.

"अव्वा, म्हसोबानंच वाचवलं बघ," घरी आल्यावर म्हणते कशी! आमच्यात आईला अव्वाच म्हणतात. मी पाठीत एक धपाटा घातला. "वाचवलं? अगं बये, त्याच्याकडंच तर बघत होतीस!"

ती हसली. "हात आपोआप जातो गं. मला कळतबी न्हाय कधी गेला."

हे ऐकून मी हातातली भाकरी ताटात ठेवली आन उठले.

पुढं आमदारसाहेब गावात आले. गावानं काय मागावं? म्हसोबाला सभामंडप, कमान आन लायटिंग. अपघात थांबावेत म्हणून! माझं डोकंच सणकलं. उठून उभी राहिले.

"साहेब, म्हसोबाला गावात न्या. हलगी लावा, गुलाल उधळा, पण हायवेवरून हलवा. ती फट बुजवा, ट्रॅक्टरला खालून वाट द्या. आन विधानसभेत उठून बोला, वळणावर देऊळ, कमान, फलक काही म्हणजे काही उभं करू द्यायचं न्हाय, असा कायदा करा. कायदे तुम्हीच करता न्हवं?"

"बाईचं डोकं फिरलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी हात जोडले. "मावशी, हायवे केंद्राचा. आन हा लोकांच्या श्रद्धेचा विषय."

"हायवे केंद्राचा, व्हय? मग मेलेली माणसं कुणाची? मतं तर तुम्हालाच टाकली होती त्यांनी."

साहेब खाली बघत "बघतो" म्हणाले. साहेब गावातून निघाले, तवर मी हॉटेलावर पोचले होते. त्यांची गाडी वळणावर आली, तशी मी गाडीच्या काचेतून आत बघितलं. ड्रायव्हरनं स्टेअरिंग सोडून कपाळाला हात लावला. मागं साहेबांचेही डोळे मिटलेले.

मंडप झाला. कमान झाली. आता संध्याकाळी लाल-हिरवे दिवे लुकलुकतात, म्हसोबा लांबूनच दिसतो, म्हणून हातही लांबूनच उठायला लागलेत. कधी गाड्यांचा आवाज थांबला की वाटतं, तो दगड कान देऊन ऐकतोय, आता कोण येतंय ते. मग मी मोठ्यानं भांडी घासायला घेते.

लेकीला माझ्या गळ्याची शपथ घातली. ती व्हय म्हणाली. पण ज्याचा हात न कळता उठतो त्याच्या शपथेचा काय भरवसा? एका संध्याकाळी तिची यायची वेळ झाली, तशी मी घुमटीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. दोन्ही हातांनी पदर पसरून म्हसोबा पुरता झाकला. दगड दिसलाच न्हाय तर हात कशाला उठेल?

स्कुटी वळणावर आली. लेकीनं मान वळवली. पदर पसरून उभी असलेली मी तिला दिसले, तशी ती तोंडभर हसली आन हँडल सोडून मला हात केला. मागून आलेला ट्रक हॉर्न बोंबलवत तिला घासून गेला. तिला त्याचा पत्ताही न्हाय, ती माझ्याकडंच बघत होती.

तवापासून तिची यायची वेळ झाली की मी शेडच्या मागं जाऊन बसते. गाडीचा आवाज वळण ओलांडून पार गावाकडं जाईस्तोवर बाहेर येत न्हाय. माझ्या लेकीला मी दिसू नये म्हणून.