दादाराव आणि खालून येणारं पाणी

माझा दोस्त दादाराव जाऊन महिना होत आला. त्या सकाळी त्याच्या पोराचा, प्रवीणचा, फोन आला. बाबा गेले म्हणाला, आणि वर बजावलं की काका, निघू नका, नाल्याले पाणी आहे. मी देवळी गावात, माझ्या अंगणात उभा, डोक्यावर लख्ख ऊन. अर्थातच निघालो. लोकांचं ऐकत आलो असतो तर माझ्याकडे सांगण्यासारखं काय उरलं असतं?

दादारावचं गाव यशोदा नदीच्या काठी, ती वर्धेला मिळते तिथून जवळच. वर धरणाची दारं उघडली की वर्धा फुगते आणि यशोदेला आत घेत नाही. मग यशोदेचं पाणी मागे वळून गावच्या नाल्यात शिरतं. लोंढा नाही, आवाज नाही, नुसतं चढतं. हा भूगोल मी स्कूटर बुडवून शिकलो. नवी स्कूटर उन्हात तापू नये म्हणून गावाकडच्या काठावर बाभळीखाली लावली आणि दादारावकडे जेवायला गेलो. परतलो तर पाण्यावर फक्त हँडल... पूर आला कुठून म्हणून मी नाल्याच्या वरच्या अंगाला डोळे फाडून पाहतोय, तर दादाराव म्हणाला, "तिकडे काय पाहून राह्यला बे? आपल्या इथं पाणी खालून येते." बैल लावून त्याने स्कूटर ओढली, आणि पुढे माझ्या लग्नात सासऱ्यांना सांगितलं की जावई चांगला आहे, फक्त स्कूटरले पाणी पाजायले नेते.

दादाराव गेला त्या दिवशी नाल्यावरचा ठेंगणा पूल बुडालेला. अलीकडे मी, पलीकडे प्रवीण. शेवटचं तोंड पाहायला मिळतं की नाही, एवढंच डोक्यात. मी पँट दुमडू लागलो, तसा तो ओरडला, "थांबा काका. स्मशानघाटही पाण्यात आहे. बाबाले अजून नेलं नाई."

म्हणजे मला अडवणाऱ्या पाण्याने दादारावलाही धरून ठेवलं होतं. मी मुकाट्याने बसलो. प्रवीणने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीची काडी पाण्याच्या कडेला रोवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला, हुबेहूब बापासारखा. पुरात दादाराव असाच बसायचा. पाणी काडी सोडून पार मागे सरेपर्यंत कोणाला पुलावर पाय ठेवू द्यायचा नाही.

दुपार कलता कलता पूल उघडा पडला. चपला हातात घेऊन मी घरात शिरलो. जन्मात पहिल्यांदा पाण्याकाठी थांबलो, हे सांगायला दादारावच्या कानाशी वाकलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रडू नका."

रडत नव्हतो मी... तोवर तरी.