आप्पांना "झालं" म्हणायचं राहिलं

मैत्रिणींनो, आपण सगळ्या आळीपाळीने लिहितो ती फिरती वही आज टपालाने माझ्याकडे निपाणीत आली आणि आजच लिहिण्यासारखं घडलं.

माझ्या वडिलांची, आप्पांची, मान सतत हलते. स्टुडिओवाला भिंगाचं टोपण काढून तीन आकडे मोजतो, तेवढ्यात फोटोत त्यांचा चेहरा पुसट होतो. म्हणून मी खोक्याच्या पातळ फळीला भोक पाडून, ती काजळीने काळी करून माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढून झटकन पडेल, क्षणभरच उजेड आत सोडेल अशी झडप बनवली.

"बी.ए. झालीस ते सुतारकाम करायला व्हय गं?" शेजारची आक्का हसली.

दुपारी आप्पांना अंगणात बसवलं. "हलू नका," म्हणून झडपेचा दोरा सोडला. खट्! मी फोटोची काच घेऊन अंधाऱ्या खोलीत पळाले. धुतल्यावर आप्पांच्या मिशीचा केसन्‌केस स्पष्ट दिसला. पण घरात यातलं कळणारं कोण? हा आनंद दाखवू कुणाला? मला रडूच आलं.

अर्ध्या तासाने बाहेर आले. आप्पा उन्हात तसेच, गुडघे घट्ट धरून बसलेले.

"झालं व्हय गं? लई दमलो. पर हाललो न्हाय बघ."

घरात मी एकटी पडलेय, असं या वहीत मी कितीदा लिहिलंय! तुमच्या घरीही कुणी असंच तुमच्यासाठी बसून राहिलंय का गं?